थीम पार्कची सहल आणि पाऊस: सामान, राईड आणि दिवसाची आखणी

टपटप
सहल सहा दिवसांवर आली आहे आणि अंदाजात तिन्ही दिवस पाऊस दिसतोय, ५० ते ६० टक्के. तिकिटं तारखेची आहेत, बदलून मिळत नाहीत. माणसं पाच: आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, ३ वर्षांचा मुलगा (बाबागाडीत) आणि आजी. आजींना श्रवणयंत्र आहे. पावसात राईड चालू राहतात का, सामान काय घ्यायचं, आणि छत्री की रेनकोट? 'जाऊच नका' हा सल्ला सोडून सगळं चालेल.

उघडीप
आधी त्या टक्क्यांचं बघू. ६० टक्के म्हणजे दिवसातला ६० टक्के वेळ पाऊस, असं नाही. त्या ठिकाणी, त्या कालावधीत, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता दहात सहा, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटांची एक सर आली तरी अंदाज बरोबर ठरतो. म्हणून दिवसाचा आकडा सोडा, तासातासाचा अंदाज उघडा आणि टक्क्यांशेजारचे मिलिमीटर वाचा. तासाला अडीच मिमीपर्यंत हलका पाऊस, सात-आठच्या वर गेला की जोरदार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाऊस कुठल्या जातीचा आहे. वळवाचा असेल तर सकाळ स्वच्छ जाते, दुपारी ढग चढतात, अर्धा-पाऊण तास झोडपून काढतो आणि उघडतो. त्यात विजा असतात. झडीचा असेल तर दिवसभर रिपरिप, विजा जवळजवळ नाहीत. ऐकायला उलटं वाटेल, पण थीम पार्कसाठी झड बरी. झडीत माणसं भिजतात पण बऱ्याच राईड चालतात. वळवात तुम्ही छपराखाली कोरडे उभे, आणि राईड बंद!

पार्कमध्ये असताना पावसाच्या रडारचं चित्र बघा, मागच्या तासाभराचं फिरतं. पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते कळलं की पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज आपला आपल्याला येतो. फक्त ते चित्र पाच-दहा मिनिटं जुनं असतं. पट्ट्याची कड अगदी डोक्यावर दिसायची वाट बघू नका, तोवर सर येऊन पोचलेली असते.

नटबोल्ट
राईड बंद होण्याची कारणं तीन: वीज, पाऊस, वारा. लोक तिन्ही एकत्र करतात आणि मग गेटवरच्या पोरांशी भांडतात.

वीज. पार्कपासून ठरावीक अंतराच्या आत वीज पडली की उघड्यावरचं सगळं उंच बंद होतं, आणि पाण्यातली माणसं बाहेर काढतात. हे अंतर पार्कपार्कप्रमाणे वेगळं असतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा सर्वसाधारण नियम. मधे पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यापासून सुरू. म्हणून ऊन पडलेलं असतानाही रोलर कोस्टर बंद दिसतो. तुम्हालाही अंतर काढता येतं: चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, किलोमीटर मिळतात. ३० सेकंद म्हणजे १० किमी. पण गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आहोत, तेव्हा गणित छपराखाली जाऊन करा. झाड किंवा कापडी तंबू हे छप्पर नव्हे. भिंतींची इमारत हवी.

पाऊस. जुन्या कोस्टरला घर्षणाचे ब्रेक असतात. गाडीखाली एक लांब पट्टी असते, ती रुळांमधल्या दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाते. पट्टी ओली झाली की मधे पाण्याचा पातळ थर येतो, पकड कमी होते आणि गाडी ठरल्या जागेच्या पुढे जाऊन थांबते. चुंबकीय ब्रेकमध्ये काहीच कशाला टेकत नाही, त्यामुळे त्यांना पाण्याचं सोयरसुतक नसतं. पण त्याच राईडला स्टेशनात गाडी ढकलायला मोटारीवर फिरणारे रबरी टायर असतील तर ते ओल्यात घसरतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन कोस्टरपैकी एक चालू आणि एक बंद, असं दिसतं. त्यात काही गौडबंगाल नाही. शिवाय ८०-९०च्या वेगात पावसाचे थेंब तोंडावर टाचणीसारखे टोचतात. चालू असली तरी मुलीला पहिल्या रांगेत बसवू नका.

वारा. आकाशपाळणा, साखळीचे झोपाळे, उंचावरून सोडणारे मनोरे, दोरावरचे डबे. ही मंडळी पावसाआधी वाऱ्याने बंद पडतात. भुरभुर असेल आणि वारा नसेल तर आकाशपाळणा चालू असू शकतो.

पाऊस थांबल्यावरही लगेच काही सुरू होत नाही. आधी रिकाम्या गाड्या फिरवतात, सेन्सर तपासतात, सीट पुसतात. यात अर्धा तास सहज जातो. विजेच्या पुरवठ्याने नुसती उचकी घेतली तरी नियंत्रण-संगणक राईड जागीच थांबवतो. ती सुरक्षित अवस्था असते. दांडा ओढत बसू नका, कर्मचारी येऊन उतरवतात.

रांगेत_शेवटचा
वरचं सगळं धरून दिवस असा लावा.

गेट उघडल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास फक्त उघड्यावरच्या मोठ्या राईड. छपराखालचं काहीही सकाळी करायचं नाही, समोर रिकामं दिसलं तरी नाही. इथेच बहुतेक लोक चुकतात: आत शिरल्या शिरल्या पहिला थिएटर शो बघतात आणि दुपारी पाऊस आला की त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

सर सुरू झाली की सगळं पार्क तीन ठिकाणी पळतं: दुकानं, खाण्याच्या जागा, इनडोअर राईड. दहा मिनिटांत इनडोअर रांग दुप्पट होते. तुम्हाला त्या गर्दीच्या आधी आत असायचंय. रडारवर पट्टा १५-२० मिनिटांवर आला की हातातलं सोडून इनडोअर राईडच्या रांगेत शिरा. पण आदल्या दिवशी नकाशावर खूण करताना एक तपासा, *राईड* छपराखाली आहे की *रांगसुद्धा*. खूपदा राईड आत असते आणि रांगेचा पहिला अर्धा भाग उघड्यावर.

जेवण साडेअकराला. एकची वेळ धरलीत आणि तेव्हाच पाऊस आला तर ताटं हातात घेऊन उभं राहावं लागेल.

जोराची सर अर्ध्या तासावर गेली की बरीच कुटुंबं घरची वाट धरतात. त्यानंतरची संध्याकाळ ही दिवसातली सगळ्यात मोकळी वेळ. मोठा कोस्टर सुरू व्हायच्या बेतात असेल तर तोंडाशीच घुटमळा. 'चालू'ची पाटी लावायची कर्मचाऱ्यांना घाई नसते, तुम्हाला असावी.

झडीच्या दिवशी पाण्याच्या राईड (ओंडका, तराफा वगैरे) उरकून घ्या. नाहीतरी भिजलेले आहात आणि रांगेत कोणी नसतं. मिरवणूक आणि आतषबाजी मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. रद्द झाली तर दुसरा दिवस हातात हवा.

तिकिटाच्या अटी आजच वाचा. पावसासाठी पैसे परत, असं सहसा नसतं. काही पार्क मोठा काळ बंद राहिल्यास परतभेटीचं तिकीट देतात, पण ते बहुधा त्याच दिवशी, बाहेर पडण्याआधी, मदत-खिडकीवर मागावं लागतं.

टपटप
पार्क बरंचसं कळलं. आता अंगावर काय? घरी सगळ्यांचे रेनकोट आहेत, तेच घेऊ का पोंचो घेऊ?

पागोळी
रेनकोट आधी तपासा. बाही पिशवीसारखी धरा, आतून पाणी ओता आणि पाच मिनिटं शिवणीकडे बघत बसा. थेंब दिसला की शिवणीवरची पट्टी सुटलेली आहे. कपड्यावर १५०० मिमी किंवा १०,००० मिमी असा आकडा असतो, तो पाण्याच्या स्तंभाचा दाब. १५०० मिमी तासभराच्या पावसाला पुरतो, पण पाठपिशवीचे पट्टे जिथे दाबतात तिथून झिरपतो. दिवसभर घालायचा असेल तर ५००० च्या वरचा बघा.

माझं मत पोंचोच्या बाजूने आहे, कारणं कामाची आहेत. एक, पाठपिशवी त्याच्या आत जाते. दोन, बाजूने मोकळा असल्यामुळे आत वारा खेळतो. बंद रेनकोटमध्ये घामाची वाफ आतल्या बाजूला जमते आणि माणूस म्हणतो रेनकोट गळतो. तीन, राईडवर बसताना पोंचो खाली घेऊन ओल्या सीटवर त्यावरच बसता येतं. मात्र वेगाच्या राईडवर फडफडणारा पोंचो चालत नाही. काढून घडी करून पिशवीत घालायचा, नाहीतर खालची झूल मांडीखाली दाबायची. कर्मचारी काय सांगतो ते अंतिम.

वापरून फेकायचे पातळ पोंचो फक्त राखीव म्हणून. ते डोक्यातून घालताना गळ्याशीच फाटतात. दोन्ही हातांनी गळा ताणायचा नाही, आधी डोकं, मग एकेक हात. मुख्य पोंचो जाड ईव्हीए किंवा पीईव्हीएचा (मऊ, लवचीक प्लॅस्टिकचे प्रकार), बाजूला टिचबटणं असलेला. मुलांचा गुडघ्याच्या वर संपला पाहिजे. 'वाढत्या अंगाचा' म्हणून घोट्यापर्यंतचा घेतलात तर जिन्यावर पाय अडकतो. टोपडं डोळ्यांवर येतं, त्यासाठी आत पुढे झाप असलेली टोपी घाला. टोपडं त्या झापेवर टेकतं, नजर मोकळी राहते आणि चष्माही कोरडा.

छत्री नको. रांगेत दुसऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर तिच्या काड्या येतात, एक हात कायमचा अडकतो, आणि विजा असताना तर विचारूच नका.

वळचण
छत्रीबद्दल असहमत. मुलांबरोबर चालताना नको, मान्य. पण आजी बाकावर बसून वाट बघणार असतील तर एक छोटी दुमडती छत्री हवीच. बसल्या माणसाच्या पोंचोवरचं पाणी मांडीत साचतं आणि उठताना थेट बुटात जातं. पाच जणांत एक छत्री. वीज नसताना.

पागोळी
बसणाऱ्यासाठी एक, चालेल. पाच नकोत.

कोरडे_मोजे
डोक्याची इतकी चर्चा झाली. दिवस वाया जातो तो पायांमुळे.

पोंचोच्या कडेवरून पाणी पोटरीवर पडतं, तिथून ओघळ मोज्याच्या वरच्या कडेत शिरतो. म्हणजे बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी पाणी वरूनच येतं, आणि वॉटरप्रूफ असल्यामुळे परत बाहेर जात नाही. ओली कातडी मऊ पडते, त्यावर सुती मोजा घासतो, आणि चार-पाच किलोमीटरला टाचेवर फोड. थीम पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात.

म्हणून: जाळीदार, हलके, पाणी झटकन निथळणारे बूट, किंवा टाचेला पट्टा असलेल्या सँडल. मोजे सिंथेटिक नाहीतर बारीक लोकरीचे, सुती अजिबात नाहीत. माणशी दिवसाला तीन जोड्या, प्रत्येक जोडी आपापल्या झिपपिशवीत. काढलेली ओली जोडी त्याच पिशवीत परत. सकाळी निघताना टाचा, अंगठ्याची बाजू आणि बोटांच्या मधे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सर थांबली की लगेच मोजे बदलू नका. आधी बूट काढून उलटा आपटा, आतली गादी पुसा, पाय पुसा, दोन मिनिटं उघडे ठेवा, मग कोरडा मोजा. नाहीतर ओल्या गादीवर नवा मोजा पाच मिनिटांत जुना होतो. जीन्स तर घरीच ठेवा: भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात.

रांगेत_शेवटचा
फेसाचे भोकाभोकांचे क्लॉग का नाही सांगितलेत? पाणी धरत नाहीत, मुलांना आवडतात.

कोरडे_मोजे
तळ गुळगुळीत झालेला असेल तर ओल्या फरशीवर घसरतात, सरकत्या जिन्यात मुलांच्या बोटांना धोका, आणि पाय लोंबकळणाऱ्या राईडवर सुटे पादत्राण काढायला लावतात. पट्टा मागे असेल आणि तळाला खाचा असतील तर लहानग्याला बाबागाडीत चालतील. ९ वर्षांच्या मुलीला पट्ट्याची सँडलच.

वळचण
३ वर्षांच्या मुलासाठी. बाबागाडीचं पारदर्शक आवरण त्याच मॉडेलचं घ्या, दोन्ही बाजूंना हवेची भोकं असलेलं. आवरण पाऊस *येण्याआधी* लावायचं. ओल्या गादीवर लावलंत तर आत दमट कोंडवाडा होतो. राईडला जाताना गाडी उघड्यावर उभी राहते, तिच्यावर मोठी कचऱ्याची पिशवी (१०० लिटरच्या आसपासची) उलटी घाला आणि कपड्यांचे चार चिमटे लावा. काळ्या पिशव्या सगळ्यांच्याच असतात, म्हणून दांड्याला ओळखू येईल अशी रंगीत चिंधी बांधा. पाकीट, औषधं गाडीत ठेवायची नाहीत.

लंगोट वापरत असेल तर लक्षात ठेवा, साधा डिस्पोजेबल पावसाचं पाणीही शोषतो आणि फुगून खाली ओघळतो. सर गेली की बदला, तो कोरडा असला नसला तरी. आणि मुलं थंडीने कुडकुडतात ती पावसात नाही, त्यानंतरच्या एसी थिएटरमध्ये. आत जायच्या आधी ओला टीशर्ट काढून कोरडा चढवायचा, मगच रांग. ओठ निळसर किंवा मूल एकदम गप्प दिसलं तर कार्यक्रम थांबवून कोरडं करा, गरम काहीतरी पाजा.

उघडीप
आजींसाठी दोन गोष्टी. घसरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, बोटीत चढायचा फळ्यांचा धक्का, दुकानाच्या दारातली गुळगुळीत फरशी. तिथे हात धरायचा, बाकी ठिकाणी नाही धरला तरी चालतं. आणि श्रवणयंत्र: सिलिका जेलच्या पुडीसह एक छोटा घट्ट झाकणाचा डबा बरोबर ठेवा. जोराच्या सरीत आणि पाण्याच्या राईडला यंत्र डब्यात. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून त्याच डब्यात (सेलवालं असेल तर सेल काढून). चाकाची खुर्ची भाड्याने घेणार असाल तर ओल्या कड्यावर हात सरकतो, रबरी ठिपक्यांचे हातमोजे घ्या.

नटबोल्ट
फोन. आयपी ६७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही नवा असताना. पडून कड उचकटलेली असेल तर तो आकडा विसरा. तिकिटं ॲपमध्ये असतात आणि ओल्या बोटाला पडदा भलतंच काही ऐकतो, म्हणून क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये ठेवा आणि एक कागदी प्रत झिपपिशवीत. झिपपिशवीच्या आतूनही पडदा चालतो आणि कोडही वाचला जातो. चार्जिंगचं भोक ओलं असेल तर वायर लावायची नाही, पिना गंजतात. फोन भोक खाली करून हलके आपटा, वाऱ्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ आणि कण आत जातात.

पाठपिशवीचं बाहेरचं कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी तिकडूनच मुरतं. त्यापेक्षा आत एक मोठी पिशवी अस्तरासारखी घाला, तोंड पिळून खाली खोचा. गुंडाळीच्या तोंडाची ड्राय बॅग असेल तर आधी हवा दाबून काढा, मग कड किमान तीन वेळा दुमडा आणि नंतर बक्कल. एकदाच दुमडली तर ती फक्त महागडी पिशवी.

टपटप
यादी अशी झाली, काही सुटलंय का बघा: जाड पोंचो ५, पातळ राखीव ३, मोजे (दिवसाला) १५ जोड्या, मायक्रोफायबर टॉवेल ३, कोरडे टीशर्ट मुलांचे प्रत्येकी २, मोठ्यांचे १, झापेच्या टोप्या ५, झिपपिशव्या लहान १५ आणि मोठ्या ५, मोठ्या कचरा पिशव्या ४, चिमटे ८, छत्री १, बाबागाडीचं आवरण, आजींचा डबा. हे सगळं तीन दिवस ओलं-सुकं कसं करायचं?

कोरडे_मोजे
यादीत सीट पुसायचं जाड शोषक फडकं घाला. टॉवेल अंगासाठी कोरडे राहू देत. लॉकर मिळत असेल तर निम्मे मोजे आणि टीशर्ट तिथे, पाठीवर सगळं वाहू नका.

रात्री खोलीवर पोचलात की पहिलं काम बुटांचं, अंघोळ नंतर. गाद्या काढून वेगळ्या उभ्या करा, लेस सैल करून जीभ बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पहिला बोळा सगळ्यात जास्त पाणी पितो, तोच रात्रभर ठेवला तर सकाळी बूट तसेच. केस वाळवायचं यंत्र वापरायचं तर थंड हवेवर. गरम हवेने तळाचा गोंद सुटतो. कपडे पिळून कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा, त्यावर उभे राहा. मगच टांगा. खोलीचा एसी 'ड्राय'वर ठेवा आणि कपडे बाथरूममध्ये न ठेवता एसीच्या वाऱ्यात. पोंचो झटकून उलटे टांगा. घडी करून पिशवीत राहिले तर दुसऱ्या दिवशी वास येतो.

वळचण
बाबागाडीच्या आवरणाचं एक राहिलं. ऊन पडलं की ते त्या मिनिटाला काढायचं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत गरमी झपाट्याने चढते, आणि झोपलेलं मूल सांगत नाही. 'परत येईल पाऊस' म्हणून अर्धवट ठेवायचं नाही. गुंडाळून दांड्याला अडकवा.

टपटप
रेनकोटची बाहीची परीक्षा घेतली. मोठ्यांचे ठीक. मुलीच्या रेनकोटच्या खांद्याच्या शिवणीतून तिसऱ्या मिनिटाला थेंब. टाकून द्यायचा का?

पागोळी
नाही. शिवणीवर लावायचं सीलंट मिळतं. आतून पॉलियुरेथेनचा थर असेल तर युरेथेनचं घ्या, सिलिकॉनचा थर असेल तर सिलिकॉनचं, अदलाबदल केली तर चिकटतच नाही. सुटलेली पट्टी पूर्ण ओढून काढा, आतली बाजू स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या, ब्रशने पातळ थर द्या आणि २४ तास टांगून ठेवा. मग पुन्हा बाहीसारखंच पाणी ओतून बघा. सहा दिवस आहेत, आज लावलंत तर दुसरा थर द्यायलाही वेळ मिळेल.